पाणपोई मंजूर

परभणीतल्या एका लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने तपासते. एका दुपारी पेशंट कमी होते म्हणून सहज माझंच रक्त मशीनला लावलं. साखरेचा आकडा बघून वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली. पुन्हा लावलं, तोच आकडा. लॅबच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी नंतर बघू, आधी चालायला लागा.

चालायचं तर कुठे, हा प्रश्न होता. आमचं घर झरीत. गावात बाई शेतात जायला चालते, पाण्याला चालते, देवळात जायला चालते. नुसतं चालायला म्हणून कोणी चालत नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीने मग माझ्या मोबाईलमध्ये एक गेम टाकून दिला. त्यात नकाशा असतो, आपण जिथे खरोखर उभे असतो तिथेच नकाशात उभे दिसतो, आणि चालत चालत वाटेत दिसणारी चिमुकली जनावरं पकडायची असतात. खऱ्या जगातल्या ठरावीक जागा, म्हणजे एखादं देऊळ, पुतळा, बागेचं गेट, नकाशात थांबे म्हणून असतात. तिथे पोचलं की चकती फिरवायची आणि जनावरं पकडायचं सामान मिळवायचं. परभणीत तर पावलोपावली थांबे. लॅबपासून स्टँडपर्यंत चालत गेले तरी पिशवी भरायची.

झरीत उतरले की नकाशा रिकामा. हिरव्या कागदावर जिंतूर रस्त्याची एक करडी रेघ, बाकी काही नाही. एवढं मोठं गाव, पण त्या गेमच्या हिशेबी तिथे काहीच नव्हतं.

तरी मी संध्याकाळी चालायला निघायचे. मोबाईल समोर धरून, मधेच थांबत, मधेच मागे फिरत. दोन-चार दिवसांत सासूबाईंच्या कानावर काहीबाही आलं असावं. त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "सून एकटी हिंडायली फोन धरून. तुमी जावा की संगं. तसं बी घरात बसून काय करायलाव?"

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यापासून ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे आणि कोणता ड्रायव्हर गिअर चुकीचा टाकतो ते आवाजावरून सांगायचे. ते माझ्याबरोबर निघाले, पण बरोबर चालायचे नाहीत, दहा-बारा पावलं पुढे. जणू मागून येणारी बाई कोण, त्यांना माहीत नाही. आठवडाभराने कंटाळून त्यांनीच विचारलं, "एवढं काय बघायलीस त्याच्यात?"

मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नकाशा नीट पाहिला.

"हे परभनी. हा जिंतूर रोड. मग झरी कुठं हाय?"

"आपण उभे आहोत ती झरीच आहे मामा."

"मग मारुती दिसंना. गावची येस दिसंना. शाळा दिसंना."

"कोणी टाकलंच नाही अजून."

"कोन टाकतं?"

खेळणारेच टाकतात, मी सांगितलं. खेळात एका पायरीपर्यंत पोचलं की आपल्याला जागा सुचवता येते. तिथे जाऊन फोटो काढायचा, नाव द्यायचं, दोन ओळी माहिती लिहायची. मग कुठलेकुठले खेळणारे ते बघतात आणि ठेवायचं की नाही ते ठरवतात. मी त्या पायरीच्या जवळ आले होते.

"मग लवकर चाल की," मामा म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझ्या बरोबरीने चालू लागले.

पहिली जागा अर्थातच मारुतीची. मंजूर होणारच, अशी खात्री होती म्हणून मी घाईत फोटो काढला. नामंजूर झाली. फोटो अंधारा आहे आणि त्यात गाडीचा नंबर दिसतो, असं कारण. मामांनी मग सकाळी जाऊन देवळापुढच्या मोटारसायकली हटवल्या. लोकांना म्हणाले, "दोन मिनिटं, फोटो काढायचाय." कशाचा फोटो, ते सांगितलं नाही. त्यामुळे दुपारपर्यंत गावात बातमी, की रस्ता रुंद होणार आणि मोजणी सुरू झाली. आमच्या शेजारचे एक शेतकरी रात्रीचं जेवण सोडून आले. रस्त्याकडेला त्यांची गोठ्याची भिंत आहे. मामा त्यांना समजावत बसले, की हा मोबाईलचा खेळ आहे. ते निघताना एवढंच म्हणाले, "खेळ हाय तर तुमी मोटारसायकली कामून हटवायलाव?"

मारुती दुसऱ्या वेळी मंजूर झाला. नकाशात पहिल्यांदा निळा ठिपका उगवला तेव्हा मामा आणि मी देवळापुढेच उभे होतो. मामांनी आधी मारुतीला हात जोडले, मग चकती फिरवली.

त्यानंतर मामांना ध्यास लागला. चालताना त्यांची नजर सतत जागा शोधायची. चिंचेचं मोठं झाड चालत नाही, कारण नुसतं झाड नियमात बसत नाही. शाळा चालत नाही, लेकरं असतात. कुणाच्या घरापुढचं वृंदावन चालत नाही, खासगी जागा. एसटीचं शेड मात्र झालंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्या शेडपुढे त्यांनी वर्षानुवर्षं गाडी वळवली होती. मी फोटो काढला, माहिती लिहिली. नामंजूर. साधं बसशेड, विशेष काही नाही.

मामांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. "हा नाकारनारा कोन हाय? कुठं राहतो?"

"ते कळत नाही."

"त्यानं झरीचं शेड बघितलंय का? उन्हाळ्यात कधी बसलाय त्याच्यात?"

त्या दिवशी ते अर्ध्या जेवणावरून उठले. सासूबाईंनी मला खुणेनंच विचारलं, काय झालं. मी मोबाईलमधलं शेड दाखवलं.

पुढे मलाही इतरांच्या जागा तपासायची मुभा मिळाली. मी ओट्यावर बसून तपासायचे, मामा शेजारी. कुठल्या तरी गावचा हौद, कुठली कमान, कुणी आपल्याच घराच्या दारातला गणपती पाठवलेला. मामा सगळ्यांना हो म्हणायचे. "टाक मंजूर. बिचाऱ्यानं फोटो काढलाय." मी म्हणायचे, नियमात बसत नाही. ते म्हणायचे, "तू बी त्या शेडवाल्यासारखीच." एकदा कुणीतरी पाठवलेलं बसशेड आलं. भिंत तडकलेली, वर पत्रा. मी नकाराचं बटण दाबताना मामा उठून आत गेले.

पाणपोई मला सुचली, मामांना नाही. जिंतूर रस्त्याला, परभणीहून येताना गावाच्या जरा अलीकडे, कडुलिंबाखाली एक पक्की पाणपोई आहे. विटांचा चौथरा, वर छोटा स्लॅब, आत वाळूत बसवलेले दोन रांजण, भोवती ओलं गोणपाट. बसायला सिमेंटचा बाक आणि भिंतीत संगमरवरी पाटी, स्मरणार्थ. ती बांधली आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशींनी. त्यांची शेती थोडी. त्या आणि त्यांचे मालक दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. ट्रॉलीत बसून लांबचा प्रवास, वाटेत पाणी मिळेल तिथे प्यायचं. मालक वारले तेव्हा मावशींनी पोरांना सांगितलं, दहाव्या-तेराव्याला मोठं जेवण घालू नका, त्यांच्या नावानं रस्त्यावर पाण्याची सोय करा. पोरं अजूनही ऊस तोडायला जातात. मावशी मागे राहून रांजण भरतात. सकाळी घासायचे, गाळून भरायचे, वरून झाकण. रांजणात कोणी हात घालू नये म्हणून लांब दांड्याचं ओगराळं बांधून ठेवलेलं.

मी त्यांना विचारलं होतं, "मावशी, पाणपोईचा फोटो काढू का?"

"काढ की. फोटोला काय लागतंय?"

एवढंच. फोटो कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही.

महिन्याभराने उत्तर आलं, मंजूर. आणि गेममध्ये काही जागा नुसते थांबे नसतात. काही जागा जिम होतात, तिथे लाल, निळ्या अशा गटांत वाटलेल्या खेळणाऱ्यांच्या जनावरांची झुंज लागते आणि जिंकणारा आपलं जनावर तिथे पहाऱ्याला बसवून जातो. मामा त्याला आखाडा म्हणायचे. आमच्या भागात पहिला आखाडा झाला तो या पाणपोईचा.

परभणीची खेळणारी मंडळी रविवारी गाड्या काढून येलदरीला धरणावर जातात. बँकेतले, दुकानदार, एक-दोन नवरा-बायको. पूर्वी ती झरीतून सरळ निघून जायची. आता पाणपोईपाशी थांबू लागली. गाडी उभी करायची, बाकावर किंवा गाडीवरच बसून बोट फिरवायचं, झुंज जिंकायची, निघायचं. मला बरं वाटायचं. मी सुचवलेल्या जागेवर माणसं थांबतात, याचं कौतुक होतं.

एका रविवारी दुपारी मावशी आमच्या घरी आल्या. पदर डोक्यावर, चेहरा उतरलेला. सासूबाईंनी बसा म्हटलं, तरी उभ्याच.

"सुनबाई कुठाय?"

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"तू फोटो काढला व्हतास नव्हं पानपोईचा? मला सांग, माझ्या पान्यात काय दोष हाय?"

"नाही हो मावशी. काय झालं?"

"मानसं येतेत. गाडी लावतेत. फोनात बघतेत आन् जातेत. पानी कोनीच पीत न्हाई. आज मी सोता तांब्या भरून एकाच्या म्होरं धरला. तो म्हनला, नको, बाटली हाय. पानपोईवर येऊन पानी नको म्हनायचं? आमच्या मालकाच्या नावाची पाटी हाय तिथं. पान्याला वास येतो का? का आमच्या हातचं नको त्यानला?"

मामा ओट्यावरून आत आले. मी मोबाईल काढला आणि मावशींना शेजारी बसवून सगळं दाखवलं. हा नकाशा, ही झरी, हा मारुती, ही तुमची पाणपोई. त्यांनी नकाशातली पाणपोई ओळखली, पाटीसुद्धा ओळखली. मग त्यांचं बोट काचेवर थांबलं.

"हे कोन बसलंय माझ्या पानपोईवर?"

त्या दिवशी कुणीतरी एक जाडजूड, राखाडी, शिंगवालं जनावर बसवून गेला होता.

"ते त्या खेळणाऱ्यांनी ठेवलंय. झुंज जिंकली की ठेवतात."

"रेड्यावानी दिसायलंय."

"खरं नाहीये ते मावशी. चित्र आहे."

"चित्र आसू दे. मला इचारून ठेवलं का?"

मामा खाली बघत होते. सासूबाईंना हसू येत होतं, पण त्यांनी ते दाबलं आणि चहा टाकायला गेल्या. मी मावशींना म्हणाले, "तुम्हाला नको असेल तर मी काढायला सांगते. वेळ लागेल, पण सांगते." मनातून मला ते नको होतं. पण पाणपोई त्यांची होती, आणि फोटो कशासाठी ते मी त्यांना आधी नीट सांगायला हवं होतं, हेही त्या रेड्याकडे बघताना कळत होतं.

चहा येईपर्यंत मावशी मोबाईल हातात धरून बसल्या. पाटीवरचं नाव दिसतं का, ते पुन्हा पुन्हा बघत होत्या. मी फोटो मोठा करून दाखवला. नाव स्पष्ट होतं.

"हे परभनीवाल्यांना बी दिसतं?"

"सगळ्यांना दिसतं. कुठूनही."

चहा पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "काढू नको. राहू दे. पन येनाऱ्यानं पानी पिऊन जावं, आसं लिही त्याच्यात."

मी त्याच वेळी लिहिलं. जागेच्या माहितीत बदल सुचवता येतो, पण तोही इतर खेळणारे तपासतात. "येथे थांबणाऱ्याने पाणी पिऊन जावे." पाठवलं. मी रोज सकाळी एसटीच्या शेडपाशी बसची वाट बघायचे, तेव्हा रांजण भरून परत जाताना मावशी विचारायच्या, "आलं का उत्तर?" मी नाही अशी मान हलवायचे. आणि आलं तेव्हा नामंजूर आलं. माहितीत जागेचं वर्णन असावं, सूचना नसावी.

मला वाटलं, मामा पुन्हा चिडतील. ते चिडले नाहीत. उत्तर मला पुन्हा वाचायला लावून म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. तू हुकूम सोडलास. हुकूम कोन ऐकतं? माहिती दे. लिही, हितं येनारा परत्येक मानूस पानी पिऊन जातो."

"पण मामा, ते खोटं आहे. कोणीच पीत नाही."

"मग आधी खरं करू," मामा म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी ते धुतलेलं धोतर आणि पांढरी टोपी घालून पाणपोईच्या बाकावर जाऊन बसले. मी भाकरी टाकून मागून गेले. मावशी लिंबाच्या पलीकडच्या अंगाला उभ्या होत्या. त्यांना पुढे यायचं नव्हतं. एकदा नको ऐकलं होतं, तेवढं पुरे होतं.

पहिली गाडी आली ती एका नवरा-बायकोची. बाईच्या मांडीवर झोपलेलं मूल. माणसाने मोबाईल काढला. मामा उठले, ओगराळ्याने फुलपात्र भरलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"घ्या."

"नको काका, आहे आमच्याकडे."

"तुमच्याकडं हाय ते तुमचं. हे हितलं हाय," मामा म्हणाले. "तुमी हितं कशापायी थांबलाव?"

तो माणूस ओशाळला. "एक गेम आहे काका मोबाईलमध्ये…"

"मला ठाव हाय. तुमी लाल का निळे?"

बाई खळखळून हसली. मूल जागं झालं. तिने फुलपात्र घेतलं, प्यायली, मग मुलाला पाजलं, मग नवऱ्याच्या हातात दिलं. पाणी थंडगार असतं त्या रांजणांचं. "फ्रिजचं नाही वाटत," ती म्हणाली. "कोण भरतं हे?"

मामांनी लिंबाकडे हात केला. मावशी जागेवरून हलल्या नाहीत. ती बाई मुलाला कडेवर घेऊन त्यांच्यापाशी गेली. त्या दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलल्या. नवऱ्याची झुंज केव्हाच संपली होती, तो बाकावर बसून मामांना एसटीच्या जुन्या गाड्यांबद्दल विचारत होता. निघताना त्या बाईने पाटीवरचं नाव मोठ्याने वाचलं. मावशींनी तिच्या मुलाच्या हातावर शेंगा ठेवल्या.

त्यानंतर मामा दर रविवारी बसू लागले. सगळे जण पाणी प्यायचेच, असं नाही. काही जण गाडीवरून न उतरताच निघून जायचे. एक जण म्हणाला, रांजणाचं पाणी सोसत नाही. मामा त्याला म्हणाले, "मग हात-तोंड तरी धुवा." पण बहुतेक जण प्यायला लागले. परभणीच्या मंडळींत आपसात बोलणं झालं असावं, कारण काही जण आल्या आल्या आधी रांजणाकडे वळायचे आणि मग मोबाईल काढायचे. मावशी हळूहळू लिंबाच्या अलीकडे आल्या, मग बाकावर.

मी माहिती पुन्हा लिहिली. "प्रवाशांसाठी बांधलेली पाणपोई. रांजण रोज सकाळी भरले जातात. येणारे बहुतेक जण पाणी पिऊन जातात." "बहुतेक" हा शब्द मामांना आवडला नाही. मी तो काढला नाही. मंजूर झालं. मावशींना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "रोज सकाळी भरतेत, हे बी टाकलंस?" हो म्हटलं. "मंग चुकवून भागायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या धाकट्या सुनेला तान्हं बाळ होतं आणि तीही तोडीला निघाली होती. बाळाला सांभाळायला कोपीवर, म्हणजे तोडीवाल्यांच्या झोपडीवर, कोणीतरी हवं, म्हणून मावशींनाही जावं लागलं. ट्रॅक्टर निघायच्या आदल्या दिवशी त्या ओगराळं, गाळायचं फडकं आणि घासायचा काथ्या घेऊन आमच्याकडे आल्या. सासूबाईंच्या हातात दिलं. "मी येईस्तोवर," एवढंच म्हणाल्या.

तो हिवाळा आम्ही रांजण भरले. सकाळी मामा हंडा सायकलला लावून न्यायचे, मी कामावर जाण्याआधी घासायचे. एखाद्या रविवारी मला उशीर झाला तर पहिल्या गाडीतली ती परभणीची बाई आलेली असायची. ती चप्पल काढून चौथऱ्यावर चढायची आणि मामांच्या देखरेखीखाली पाणी गाळायची. मामांना तिचं गाळणं पटायचं नाही. फडकं दुहेरी धरा, ते सांगायचे.

मावशींचा धाकट्या पोराच्या फोनवरून कधीमधी फोन यायचा. तिकडे थंडी लय हाय, बाळ चांगलं हाय, मोठ्याच्या हाताला कोयता लागला व्हता, आता बरं हाय. शेवटी पाण्याची चौकशी. सासूबाई म्हणायच्या, भरायलो बाई, काळजी करू नका.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, तोड संपली आणि त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परत आल्या. बाळाने बाळसं धरलं होतं, मावशी वाळल्या होत्या. सामान उतरवायच्या आधी त्या पाणपोईवर गेल्या. मी लॅबमधून परतत होते, बसच्या खिडकीतून त्या दिसल्या म्हणून तिथेच उतरले. त्यांनी रांजणाचं झाकण काढून आत हात फिरवला होता आणि बोटं बघत होत्या.

"बुडाशी शेवाळ धरलंय," त्या म्हणाल्या.

"आम्ही रोज घासत होतो मावशी."

"वरवर घासलंय. खाली हात पोचत न्हाई तुमचा. आडवा करून घासावा लागतो."

त्यांनी पदर खोचला. मी पर्स बाकावर ठेवली. दोघींनी मिळून रांजण रिकामा केला, वाळूतून उचलला, लिंबाखाली आडवा केला, आणि त्यांनी मला आतून कसं घासायचं ते दाखवलं. रस्त्यावरून एक मोटारसायकल थांबली. त्यावरच्या माणसाने आधी मोबाईल बघितला आणि मग आमच्याकडे बघून विचारलं, "आज पाणी नाही का?"

"हाय," मावशी रांजणातून डोकं न काढता म्हणाल्या. "दुसऱ्यातलं घ्या."